तीन निरोप हुकले तर

नाशिक,
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय समर्थ,

'प्रिय' लिहिलं आणि जरा वेळ थांबले. दुसरे शब्द सुचले नाहीत असं नाही, बरेच सुचले. पण तुला लिहायला बसलं की हात आपोआप हेच लिहितो, तेव्हा राहू दे. फोन का केला नाही असं तुला वाटेल. फोनवर तू बोलायला लागलास की मी ऐकत बसते. सहा वर्षं तेच केलं. यावेळी मला मध्ये कोणी बोलायला नको होतं.

नवजात बाळांना ऊब देणारे ते आपले वॉर्मर नीट चालतायत, हे तुझ्या मंगळवारच्या मेसेजवरून कळलं. 'भाग्यश्री, तू नसतीस तर मेलो असतो' असं लिहिलं होतंस आणि पुढे हात जोडलेली तीन चित्रं. मी ते दुकानात बसून वाचलं. समोर एका किराणावाल्याचा वजनकाटा उघडून ठेवला होता. सातपूरच्या या दुकानात मी वजनकाटे आणि बिलं छापायची यंत्रं दुरुस्त करते हे तुला माहीत आहे, पण कसं चाललंय असं तू कधी विचारलं नाहीस. बरं चाललंय. काट्यातही सिरीयल पोर्टच असतो. दोन तारा, एका वेळी एक अक्षर. मी त्याच कामावर राहिले, फक्त माझ्या टेबलावर आता बाळांच्या जागी बटाटे आलेत.

तो उन्हाळा तुला आठवतो का? २०२२चा. कंपनीच्या अंबडच्या शेडमध्ये पत्रा तापायचा आणि आपण दोघं एकाच टेबलफॅनसमोर बसायचो. वॉर्मरचे चारशे सर्किट बोर्ड बनून आले होते आणि बोर्डात खोट निघाली होती. बाळाच्या अंगाला लावलेला सेन्सर दर सेकंदाला तापमानाचा निरोप पाठवायचा, आणि आपल्या स्वस्तातल्या चिपमध्ये आलेलं अक्षर ठेवायला जागा होती एकच. ते उचलायच्या आत दुसरं आलं की पहिलं गेलं. 'थांब जरा' असं सेन्सरला सांगायला जी जादा तार लागते, ती बोर्डवर काढलेलीच नव्हती. आणि यंत्राचा पडदा रंगवत असताना प्रोसेसरला दुसरीकडे बघता यायचं नाही. तेवढ्यात निरोप आला की अर्धा गहाळ. कंपनीचे मालक, आपले धनराज सर, दारात उभं राहून म्हणाले होते, "बोर्ड बदलायचे नाहीत. जे करायचं ते सॉफ्टवेअरमध्ये करा." एवढं बोलून ते जेवायला गेले.

दोन आठवडे मी नुसती सेन्सरचं बोलणं ऐकत होते. तारेतले सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर त्या उभ्या-आडव्या रेघा बघत. आणि एका दुपारी लक्षात आलं की निरोपातही अक्षरं सलग येत नाहीत. चार अक्षरं आली की सेन्सर चाळीस मिलिसेकंद गप्प बसतो, मग पुढची चार. आपण बोलताना श्वास घ्यायला थांबतो तसा. मग पडदा त्या श्वासातच रंगवायचा. तो गप्प झाला की थोडं रंगवायचं आणि तो बोलायच्या आत परत कान देऊन बसायचं. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू खुर्चीवरून उठलास, भरल्या शेडमध्ये माझं डोकं दोन्ही हातांत धरलंस आणि म्हणालास, "हे कुणालाच सुचलं नसतं गं." त्या दिवशी मला कोणी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

पण श्वासावर भरवसा ठेवून बाळ झोपवता येत नाही, हेही मीच म्हणाले होते. कधीतरी निरोप हुकणारच. म्हणून ड्रायव्हरमध्ये, सेन्सरचं ऐकणाऱ्या माझ्या त्या प्रोग्राममध्ये, मी एक नियम घातला. ओळीने तीन निरोप हुकले तर जुन्या आकड्यावर विसंबायचं नाही, हीटर बंद करायचा आणि अलार्म वाजवायचा. सिस्टर येऊन बघेल. माहितीपत्रकात तो नियम मी ठळक अक्षरांत लिहिला. तू हसलास. "तीन सेकंदांत काय होणार आहे?" मी म्हणाले, तीन सेकंदांत काहीच होत नाही, पण यंत्राला कळलंच नाही तर तीनाचे तीनशे कधी होतील ते सांगता येत नाही. तू मान हलवलीस. मला वाटलं पटलं.

पुढच्या जानेवारीत उद्योजकांच्या मेळाव्यात तुला ढाल मिळाली. 'स्वदेशी वॉर्मरमधील अभिनव संपर्क तंत्र'. स्टेजवर तू सेन्सरच्या श्वासाची गोष्ट सांगितलीस, माझ्याच शब्दांत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपला साखरपुडा होऊन महिना झाला होता. तुझं ते माझं, असं तेव्हा मनापासून वाटायचं. आई देवळ्याहून आली होती, तिने विचारलं, "तुझं नाव का नाही घेतलं गं?" मी तिच्यावरच चिडले.

आणि मग नऊ मार्च. डोंगराकडच्या त्या ग्रामीण रुग्णालयात आपल्या वॉर्मरखाली दोन दिवसांची मुलगी भाजली. पडद्यावर छत्तीस पॉइंट दोन दिसत होतं, आणि ते तसंच दिसत राहिलं. यंत्राला वाटलं बाळ गार आहे, म्हणून ते तापवत राहिलं. बातमी कळली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली. तू बाहेर उभा होतास. संध्याकाळी मला गाडीत बसवून पांडवलेण्याच्या पायथ्याशी नेलंस आणि हळू आवाजात समजावलंस. म्हणालास, ड्रायव्हर अडकलाय, तुझा ड्रायव्हर, पण अलार्म वाजलाय. ड्युटीवरच्या सिस्टरने तो बंद करून टाकला आणि बघितलंच नाही. कंपनी हेच सांगणार आहे. धनराज सर तुझ्यावर पोलीस केस करायला निघाले होते, मी पाया पडून थांबवलंय. तू फक्त राजीनामा दे. आणि राजीनाम्यात एक ओळ घाल की ते यंत्र पाठवण्याआधी त्यातला अलार्म मी स्वतः तपासला होता. म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही.

मी ती ओळ लिहिली. ते यंत्र मी तपासलेलं नव्हतं, ते रुग्णालयात गेलं त्या फेब्रुवारीत मी घरी होते, आजारी. तरी लिहिली, कारण तू सांगितलंस. त्या सिस्टरचं नाव संध्या होतं. तिला निलंबित केलं, चौकशी लागली. समितीने पंधरा मार्चला यंत्र तपासलं, सेन्सरची तार काढली, तीन सेकंदांत अलार्म वाजला. माझं माहितीपत्रक जोडलं, माझा राजीनामा जोडला. यंत्र निर्दोष ठरलं. पुढे तुझ्या आईने माझ्या वडिलांना फोन करून लग्न मोडलं, 'त्या प्रकरणात मुलीचं नाव आहे' म्हणून. मी तुला एक शब्द बोलले नाही. उलट मनात म्हणाले, एवढं करून यानं मला वाचवलं, आणखी काय मागायचं. दोन वर्षं मी तुझी उपकृत होते, समर्थ. आणि दोन वर्षं मी त्या सिस्टरला शिव्या घातल्या. माझा अलार्म वाजत होता आणि ही बाई काय करत होती, असं मी आईला सांगायचे, शेजारच्यांना सांगायचे.

गेल्या महिन्यात तुझा मेसेज आला. सेन्सरचा नवा माल आलाय, यंत्रं सारखी बोंबलतायत, तीनाचे तीस केले तर चालेल का, तुझ्याशिवाय हे कोणाला कळत नाही. मला आनंद झाला होता, हे तुला मुद्दाम सांगते. मी केस बांधले, चहा केला आणि मग उत्तर लिहिलं. म्हणाले, तीस अजिबात करू नकोस, आधी प्रोग्रामचं पूर्ण फोल्डर पाठव, बदलांच्या हिस्टरीसकट, माझ्यानंतर काय काय बदललंय ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तू तासाभरात पाठवलंस. एकदाही विचार केला नाहीस. भाग्यश्री म्हणजे आपलीच, ती काय बघणार.

मी बघितलं. अठरा नोव्हेंबर २०२२, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, बदल करणारा: समर्थ. पडद्यावर तापमानाचा आलेख घातला. त्याच दिवशी, चाळीस मिनिटांनी, पुन्हा समर्थ. 'तीन-निरोप तपासणी काढली, डेमोत वाजते.' मला सगळं दिसायला लागलं. मोठ्या डेमोआधी सरांना पडद्यावर काहीतरी सुंदर हवं होतं, तू आलेख घातलास. आलेख रंगवायला सेन्सरच्या श्वासापेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून निरोप हुकायला लागले, म्हणून माझा अलार्म वाजायला लागला. तो खरं सांगत होता. आणि तू आलेख ठेवलास आणि अलार्म काढलास. मला सांगितलं नाहीस, माहितीपत्रक बदललं नाहीस. मी पुढची पानं वाचत गेले. अकरा मार्च २०२३, समर्थ. 'तीन-निरोप तपासणी परत लावली. आलेख काढला.' बाळ भाजल्यावर दोन दिवसांनी. समितीने यंत्र बघायच्या चार दिवस आधी. ते यंत्र तू 'प्राथमिक पाहणीसाठी' शेडमध्ये आणलं होतंस ना? मीच तुझ्यासाठी गाडीचा पास काढला होता.

म्हणजे पांडवलेण्यापाशी तू मला समजावत होतास, तेव्हा तुला सगळं माहीत होतं. रडता रडता मी तुझा हात धरला होता तेव्हाही.

त्या दिवशी मला काय झालं ते सांगायला मला नीट जमणार नाही. मी ओरडले नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, स्टुलावर बसले आणि तुझं वाटोळं कसं करायचं याचा शांतपणे विचार करायला लागले. इतकं स्वच्छ डोकं माझं त्या स्कोपसमोरच्या दुपारनंतर कधी झालं नव्हतं. पहिला विचार आला की तुला उत्तरच द्यायचं नाही. कर तीनाचे तीस, लाव सगळ्या यंत्रांना, आणि मग बघ. हा विचार माझ्या मनात दोन दिवस होता. यंत्राखाली कोण झोपतं हे मला माहीत असूनही होता. त्याची लाज वाटते, आणि तो विचार मला तुझ्यामुळे आला याचा राग त्याहून मोठा आहे. तिसऱ्या दिवशी मी कामाला लागले. नव्या सेन्सरचा श्वास पंचवीस मिलिसेकंदांचा निघाला. पडदा रंगवायचे मी आणखी बारीक तुकडे पाडले, तीनाचा नियम जिथे होता तिथेच ठेवला आणि तुला पाठवून दिलं. ते तुझ्यासाठी नव्हतं.

ते पोचल्यावर मी तुला सहज म्हणून विचारलं, नोव्हेंबरमधली तपासणी काढली होतीस ती सरांनी सांगितलं म्हणून का? तुझं उत्तर माझ्याकडे आहे. 'अगं डेमोला सारखं वाजत होतं, सरांना माहीतच नव्हतं, मीच काढलं. नंतर लावलं ना परत. जुनं झालं, सोड.' मी लिहिलं, 'हो, सोडलं.' आणि एक हसरा चेहरा पाठवला. तो पाठवताना मला फार बरं वाटलं. तू दोन वर्षं माझ्याशी जसा बोललास, तसं मी तुझ्याशी एक दिवस बोलून बघितलं. जमतं. सोपं असतं.

मग मी संध्या सिस्टरला शोधलं. मखमलाबादच्या पुढे तिच्या भावाचा मळा आहे, झेंडू आणि शेवंतीचा. ती टोपल्यांत फुलं भरत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "अलार्म तुमचाच ना? ज्याचा कागद लावला होता?" मी हो म्हणाले. "वाजला नाही मॅडम. समितीला दहा वेळा सांगितलं. ते म्हणाले, कागदावर वाजतो, आमच्यासमोर वाजला, तुमच्याच वेळी कसा नाही वाजला? मग मलाच वाटायला लागलं, वाजला असेल. आपण दमलेलो होतो, ऐकू आला नसेल." सव्वादोन वर्षं ही बाई रोज रात्री झोपायच्या आधी आठवून बघते की आवाज आला होता का. गावातल्या लोकांनी तिच्या अंगावर चपला फेकल्या, नवऱ्याने बदलीच्या गावी येऊ नको म्हणून सांगितलं. मी तिला फोनवर अठरा नोव्हेंबरची ती नोंद दाखवली. तिने वाचली, परत वाचली. मग मातीतच खाली बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी बहिरी नव्हते." बाकी काही नाही. तुझं नावसुद्धा विचारलं नाही तिने. मला मात्र ते सांगायचं होतं, मी दोनदा सांगितलं.

आम्ही दोघी हरसूलच्या बाजाराला गेलो, बाळाची आई तिथे येते म्हणून. रोशनी तिचं नाव, बावीस-तेवीस वर्षांची असेल, नागलीचं पीठ विकायला बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर होती. पाठीवर आणि डाव्या दंडावर कातडी ओढलेली, हात पूर्ण वर जात नाही. सिस्टरला बघून रोशनीने तोंड फिरवलं. मी सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती पीठ चाळत राहिली. मग म्हणाली, "मी तिथंच खाटेवर व्हते. मशीन गपच व्हतं. ह्या बाईनंच हात लावला आन पोरीला उचाललं. पण मला कोणी इचारलंच नाय." मी म्हणाले, आता विचारलं तर सांगशील का? तिने माझ्याकडे बघितलं. "त्यो माणूस समोर आसंल का?" मी म्हणाले, असेल. "मंग येते."

चौकशी उद्या सकाळी अकराला आहे, संध्या सिस्टरच्या निलंबनाची शेवटची सुनावणी. तिथे मी फोल्डरची पूर्ण प्रत देणार आहे, तुझा मेसेज देणार आहे आणि राजीनाम्यातली ती ओळ खोटी होती, ती मी लिहिली, असं माझ्या सहीने देणार आहे. त्याचं जे व्हायचं ते माझंही होईल. वकील म्हणाले, तुम्ही अडकाल. मी म्हणाले, अडकायलाच हवं, त्या ओळीवर एक बाई सव्वादोन वर्षं घरी बसली आहे. तुलाही बोलावणं येईल, आणि तू काय सांगशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. हळू आवाजात, जरा वाईट वाटल्यासारखं. लग्न मोडलं म्हणून ही मुलगी सूड घेते आहे, साहेब. लोकांना ते पटकन पटेलही. म्हणून हे पत्र लिहिलं. हो समर्थ, मी सूड घेते आहे. तुला घाम फुटलेला बघायचा आहे मला, तुझी ती ढाल परत मागितलेली बघायची आहे, तुझ्या आईने माझ्या वडिलांना फोन लावावा आणि काय बोलावं ते तिला सुचू नये, असं व्हायला हवं आहे. यातलं काहीही मी समितीपासून लपवणार नाही. या पत्राची एक प्रत मी उद्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावणार आहे, अकरा मार्चच्या नोंदीच्याही वर. मला किती राग आहे ते त्यांनी आधी वाचावं, आणि मग पान उलटून तारीख वाचावी.

एकेकाळी तुझी असलेली,
भाग्यश्री आहेर